ती तीन वर्षं धूळ कोण पुसत होतं?



आज पाहुणे नाहीत. समोर पाहुण्यांची खुर्ची आहे, सवयीने चहाचा दुसरा कपही काढून ठेवलाय, पण आजची पाहुणी मीच.

झालं असं, की मागच्या महिन्यात एका श्रोत्यांनी लिहिलं, "तुम्ही दर भागात लेखकांना विचारता, कधी लिहिता, कुठे बसून लिहिता, तेच तेच विषय पुन्हा का येतात. तुम्ही स्वतः काही लिहिता का?" मी उत्तरात "नाही" असं टाइप केलं आणि मग खोडलं. कारण मी लिहिते. २०१२ पासून लिहितेय. ऑफिसात कुणाला माहीत नाही, नात्यात तर नाहीच नाही. आणि न सांगण्याचं कारण साधं आहे. मी जे लिहिते ते 'माझं' नाही, असं मलाच वाटायचं.

मी फॅन फिक्शन लिहिते. मराठीत. शेरलॉक होम्सची.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: दुसऱ्या कुणीतरी निर्माण केलेली पात्रं, त्यांचं जग घ्यायचं आणि त्यात आपली गोष्ट लिहायची. पैशांसाठी नाही, हौसेखातर. "म्हणजे चोरीच की," असं कुणी म्हणेल. होम्सच्या बाबतीत कायद्याने तर तो प्रश्न आता उरला नाही. शेवटच्या काही कथांवर अमेरिकेत हक्क होते, तेही १ जानेवारी २०२३ला संपले. पण कायदा सोडा. होम्सची पहिली लघुकथा 'द स्ट्रँड' मासिकात आली जुलै १८९१ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात जे. एम. बॅरी, म्हणजे पुढे पीटर पॅन लिहिणारे बॅरी, यांनी होम्सवर विडंबन लिहून छापूनही टाकलं. पाच महिने! मूळ लेखकाची शाई वाळली नव्हती हो.

आणि आपल्याकडे बघा. मोरोपंतांनी १०८ रामायणं लिहिली असं सांगतात. एक 'निरोष्ठ' रामायण, म्हणजे ओठ एकमेकांना लागतील असं अक्षरच त्यात नाही. गोष्ट ठाऊक असलेलीच, सगळ्यांना शेवट माहीत असलेली. तरी पुन्हा. जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या, त्यात सीता त्यांच्या गावच्या सुनेसारखी बोलते. त्यांना कुणी विचारलं नाही, "बाई, हक्क कुणाकडून घेतलेत?"

असो. आता माझ्या सवयी. कारण मी पाहुण्यांना आधी तेच विचारते.

पहिली सवय, वही. २०० पानी, पुठ्ठ्याची. होम्सच्या मूळ कथा एकूण ६०. चार कादंबऱ्या, ५६ लघुकथा. त्या साठांना आम्ही मंडळी 'कॅनन' म्हणतो. हा शब्द धर्मग्रंथांसाठी वापरायचा, आणि रोनाल्ड नॉक्स नावाच्या गृहस्थांनी १९११ साली होम्सकथांवर जो गमतीदार निबंध वाचला, त्यात बायबलच्या अभ्यासकांची सगळी अवजारं या गुप्तहेराच्या गोष्टींवर चालवून दाखवली. तेव्हापासून चेष्टेचेष्टेत आम्ही पोथीवाचन करतोय. तर माझ्या वहीत प्रत्येक कथेला एक पान. कोणत्या साली घडते, हवा कशी होती, घरात कोण कोण होतं, काय खाल्लं, कोण कुणाशी खोटं बोललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं नाव 'फट'.

फट म्हणजे काय? मूळ लेखकाने मोकळी सोडलेली किंवा त्याच्या हातून राहून गेलेली जागा. कॉनन डॉयल भराभर लिहायचे, त्यामुळे फटी भरपूर. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसऱ्या कादंबरीत पायाला! त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची स्वतःची बायको त्याला जेम्स म्हणते. आता ही चूक म्हणायची आणि सोडून द्यायची? छे. डोरोथी सेअर्ससारख्या मोठ्या रहस्यकथाकार बाईंनी त्यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, जॉन एच. वॉटसनमधला तो 'एच' म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको लाडाने मधल्या नावाने हाक मारत होती. बघा, चुकीतून एक संसार उभा राहिला. हे मला फार आवडतं.

दुसरी सवय, एका गोष्टीत एकच बदल. फटीत एकच पाचर मारायची. बाकी सगळं कॅननप्रमाणे, तारखांसकट. उदाहरणार्थ, वॉटसन आपल्या मुंबईत उतरला होता. खरंच. पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे. तो मुंबईत बोटीतून उतरतो, कळतं की त्याची पलटण पुढे गेलीये, मग तो कंदाहारला जातो आणि मैवंदच्या लढाईत जखमी होतो. मैवंदची लढाई खरी, २७ जुलै १८८०. त्या लढाईत मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्ज रायफल्स. इंग्रजांचा तिथे सपशेल पराभव झाला. डॉयलनी वॉटसनला एका ओळीत मुंबईतून पुढे पाठवलं. माझ्या गोष्टीत तो बंदरावर चार दिवस अडकतो. बस, एवढाच बदल. त्या चार दिवसांत त्याला एक बाई भेटते, तिचा नवरा पलटणीबरोबर पुढे गेलाय, आणि ती त्याला विचारते, "तुम्ही तिकडेच चाललात ना?"

तिसरी सवय, लिहिण्याची जागा. जागा म्हणजे डोंबिवली लोकल. सकाळची. बसायला मिळालं तर फोनवर लिहिते, नाही मिळालं तर मनातल्या मनात संवाद म्हणते. बायकांच्या डब्यात कुणी आपल्याशीच पुटपुटत असलं तर लोकांना वाटतं स्तोत्र चाललंय. त्यामुळे निर्धास्त.

चौथी सवय, रविवारी रियाज. आमच्यात 'ड्रॅबल' नावाचा प्रकार असतो. बरोबर १०० शब्दांची गोष्ट. ९९ नाही, १०१ नाही. आणि मराठीत हे करताना एक गंमत होते. आपले विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जिथे तीन शब्द लागतात तिथे आपला 'जिन्यावरून' एका शब्दात बसतो. त्यामुळे मराठी ड्रॅबलमध्ये जागा जास्त. मला तर कधी कधी शंभर शब्दांत घर बांधून झाल्यावर अंगण उरतं.

पाचवी गोष्ट सवय नाही, डोकेदुखी आहे. तू आणि तुम्ही. इंग्रजीत होम्स-वॉटसन एकमेकांना 'यू' म्हणतात आणि प्रश्न मिटतो. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, या दोघांचं नातं नेमकं काय? बरोबरीचे मित्र, एका घरात राहणारे, पण व्हिक्टोरियन काळातले, एकमेकांना आडनावाने हाक मारणारे. मी पुष्कळ डोकं खाजवून नियम केला. कड्यावरून पडण्याआधी 'तुम्ही'. परत आल्यानंतर 'तू'. आणि पहिला 'तू' वॉटसनच्या तोंडी, रागात.

हा राग मूळ कथेत नाही. इथेच माझी सगळी गोष्ट अडकलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी. डिसेंबर १८९३च्या अंकात डॉयलनी होम्सला मारून टाकलं. कथेत तारीख आहे ४ मे १८९१. स्वित्झर्लंडमधला रायशेनबाख धबधबा, प्रोफेसर मोरिआर्टीशी झटापट, दोघेही खाली. वॉटसनला कड्यावर मिळते एक चिठ्ठी. मग वाचकांच्या रेट्याने, दहा वर्षांनी, १९०३ साली, होम्स परत आला. कथेतल्या हिशोबाने १८९४च्या वसंतात. म्हणजे वॉटसनसाठी जवळजवळ तीन वर्षं तो मेलेला होता. मधल्या काळात वॉटसनची बायकोही गेली.

आणि होम्स येतो कसा? म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेशात. वॉटसन क्षणभर मान वळवतो, परत बघतो तर समोर होम्स हसत उभा. वॉटसन बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो, आनंदाने हात धरतो, आणि त्याच रात्री दोघं मोहिमेवर निघतात! "कुठे होतास?" होम्स सांगतो: तिबेट, ल्हासा, इराण, मक्का, खार्टूम. "मला का नाही कळवलंस?" तर त्याचं उत्तर असं, की तुझा माझ्यावर इतका जीव, त्या भरात तुझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं. मग कुणालाच माहीत नव्हतं का? होतं. त्याच्या भावाला, मायक्रॉफ्टला. का? तर पैसे लागत होते.

मी ही कथा वाचली सातवीत, शाळेच्या वाचनालयातल्या अनुवादात. आणि मला आठवतंय, मी ते पुस्तक रागाने मिटलं होतं. सगळ्या वर्गाला होम्स परत आला याचा आनंद, आणि मला वाटत होतं, अरे, त्याला कुणी दोन शब्द सुनावणार आहे की नाही?

त्यातही एका बाईचं मला फार लागलं. मिसेस हडसन. घरमालकीण. होम्स परत आल्यावर तिला जोराचा झटका आला, ती किंचाळत सुटली, हे होम्स सांगतो अर्ध्या वाक्यात. आणि पुढचं वाक्य काय, तर मायक्रॉफ्टने माझी खोली, माझे कागद जसेच्या तसे ठेवले होते. मायक्रॉफ्टने! जो माणूस आपल्या क्लबातल्या खुर्चीतून उठायचा कंटाळा करतो, तो? मंडळी, ती तीन वर्षं त्या खोलीतली धूळ कोण पुसत होतं? आणि त्याच रात्री त्याच बाईला होम्स कामाला लावतो. खिडकीत त्याचा मेणाचा पुतळा ठेवलाय, शत्रूला फसवायला. तो दर पाव तासाने हलवायचा. गोळी लागू नये म्हणून ती बाई गुडघ्यांवर रांगत जाऊन तो हलवते. तीन वर्षांनी परत आलेल्या माणसासाठी पहिल्या रात्री रांगते!

जानेवारी २०१२मध्ये बीबीसीच्या मालिकेत तो शेरलॉकही छतावरून पडला, आणि पुढचा भाग आला थेट १ जानेवारी २०१४ला. त्या दोन वर्षांत जगभरच्या चाहत्यांनी परत येण्याच्या किती गोष्टी लिहिल्या असतील, गणतीच नाही. त्यातली एक माझी. पहिली. तिचं नाव 'धूळ'. मिसेस हडसन रोज सकाळी १७ पायऱ्या चढते, खोली झाडते, पुस्तकं होती तिथेच ठेवते. होम्स येतो. ती किंचाळत नाही. ती म्हणते, "पाय पुसून आत या." आणि तीन वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. हिशोब चुकता.

१७ पायऱ्या हा तपशील डॉयलचाच. होम्स वॉटसनला विचारतो, रोज जिना चढतोस, पायऱ्या किती? वॉटसनला सांगता येत नाही. बघतोस पण निरखत नाहीस, असं होम्सचं म्हणणं. माझी जवळजवळ प्रत्येक गोष्ट जिन्यावर सुरू होते. मला कारण माहीत नव्हतं.

तर या भागाची तयारी म्हणून मी गेल्या वर्षी, म्हणजे श्रोत्यांच्या पत्राच्या आधीच सुरुवात झाली होती याची, माझ्या सगळ्या गोष्टी काढून त्यांचा तक्ता केला. ड्रॅबल सोडून ४१ गोष्टी. त्यात खून फक्त दोन. गुप्तहेराच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईने ४१ गोष्टींत दोन खून करावेत! स्वयंपाकघर ३३ गोष्टींत. कुणीतरी बऱ्याच काळाने घरी परत येतं, २९ गोष्टींत. आणि या २९च्या २९ गोष्टींत दार उघडणारी बाई चिडलेली. कधी बोलून, कधी न बोलून. माझी एक मैत्रीण आहे, नर्स आहे, माझं लिखाण पहिल्यांदा तीच तपासते. आमच्यात तिला 'बीटा' म्हणतात. तिने तक्ता बघितला आणि म्हणाली, "तुला वॉटसनशी काही देणंघेणं नाहीये. तू एकाच बाईबद्दल लिहितेयस."

खरं होतं ते. आणि ती बाई कोण हे मला माहीत होतं.

आता जे सांगणार आहे ते आईला विचारून सांगतेय.

आम्ही लालबागचे. मूळ गाव पाटणकडचं, पण माझा जन्म चाळीतला, १९७५चा. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गिरणीत साच्यावर. आई खाणावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा घरोघरी खाणावळी होत्या. गावाहून एकटे आलेले कामगार दोन वेळ जेवायला यायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. आमच्याकडे १४ माणसं जेवायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पगार बंद झाले तरी माणसं जेवायला यायची, आणि आईने कुणाला ताटावरून उठवलं नाही. उधारी वाढत गेली. किराणा उधार, मग सावकार. १९८३ची दिवाळी झाली आणि एक दिवस आबा गेले. कुठे, माहीत नाही. पत्र नाही, निरोप नाही. आले ते १९८६च्या गणपतीत. जेमतेम पावणेतीन वर्षं.

आले तेव्हा दार मी उघडलं. त्यांच्या हातात पत्र्याची ट्रंक होती. आईने आतून बघितलं, आणि काय म्हणाली? "पाणी तापवलंय." झालं. आबांनी आंघोळ केली, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी गणपतीची आरास. घरात त्या पावणेतीन वर्षांबद्दल कधी कुणी बोललं नाही. आबा २००९मध्ये गेले, तोपर्यंत नाही.

लगेच पुढच्या वर्षी मी ती होम्सची कथा वाचली. आता तुम्हाला कळलं असेल मी पुस्तक का मिटलं. मला वाटायचं, माझी आई मिसेस हडसन आहे. तिने खोली झाडली, ताटं वाढली, आणि तिला अर्धं वाक्यसुद्धा मिळालं नाही. तिला बोलता आलं नाही म्हणून मी तिच्या वतीने २९ वेळा चिडले.

तर तक्ता झाल्यावर मी ठरवलं, आईला एक गोष्ट वाचून दाखवायची. आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, माझ्याकडेच असते. दुपारी तांदूळ निवडत होती. मी 'धूळ' वाचली. होम्स कोण, धबधबा काय, सगळं थोडक्यात सांगून. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता डोळे पुसेल. ती म्हणाली, "त्या खोलीचं भाडं कोण देत हुतं?"

मी म्हटलं, "त्याचा भाऊ."

"भावाला ठावं हुतं?"

"हो. भावाला माहीत होतं, तो जिवंत आहे."

"मग बाईलाबी ठावं असणार." तांदळातला खडा बाजूला काढत म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या खोलीचं भाडं म्हैन्याच्या म्हैन्याला कोण भरतंय? बाईमाणसाला ह्ये कळत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "अगं पण तो आल्यावर ती केवढी किंचाळली."

"म्हणून काय झालं? ठावं असणं येगळं आन् माणूस दारात हुबं ऱ्हाणं येगळं."

मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. आणि मग, "मलाबी ठावं हुतं."

मंडळी, मी या पोथीचे ६० अध्याय पाठ असलेली बाई. शंभराहून जास्त वर्षं लोक या कथेचा कीस काढतायत. आणि माझ्या आईने तांदूळ निवडता निवडता तो भाड्याचा धागा ओढला, आणि त्याच्या टोकाला आमचं घर निघालं.

आबा सुरतेला होते. यंत्रमागावर. आई सांगत गेली. सावकाराची माणसं जिन्यात बसायची. आबांना गाठून मारणार होती. म्हणून ठरवून गेले, आईनेच पाठवलं. दोन-तीन महिन्यांनी गावाकडचे एक मामा यायचे, ते पैसे आणायचे. त्यातून कर्ज फिटत गेलं. फिटलं तेव्हा आबा आले. पाणी तापवून ठेवलेलं होतं, कारण ते त्या दिवशी येणार हे तिला माहीत होतं!

मला ते मामा आठवत होते. ते आमच्यासाठी मिठाई आणायचे, तुपाचा जाड थर असलेली, गोल. तिचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी ऑफिसात एका सहकाऱ्याने कोजागिरीनंतर सुरतची घारी आणली होती, मी खाल्ली आणि म्हटलं, अरे, ही चव ओळखीची आहे. आणि पुढे कामाला लागले. पुरावा तोंडात होता हो. अक्षरशः तोंडात.

मी विचारलं, "ताईला?"

"ताईला ठावं हुतं. ती चवदा वरसांची हुती."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

आई म्हणाली, "तू बडबडी हुतीस. आन् आबांवर तुझा जीव. जिन्यातला तो माणूस तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचा, आन् इचारायचा, आबा कुठं हायती गं? तुला ठावं असतं तर तू सांगितलं असतंस."

तो माणूस मला आठवतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायचा. माझ्या आठवणीत तो एक चांगला माणूस होता.

होम्सने वॉटसनला दिलेलं उत्तर आणि आईने मला दिलेलं उत्तर, एकच. आणि तेव्हा कळलं की १३ वर्षं मी पात्रं चुकीची वाटली होती. आई मिसेस हडसन नव्हती, मायक्रॉफ्ट होती. वॉटसन मी होते. घरात एकटी मीच. त्या २९ गोष्टींतला राग आईचा नव्हताच. तो माझा होता, आणि मी तो तिच्या तोंडी घातला होता.

मला वाईट वाटलं का? राग आला. खूप. आईचाही आणि ताईचाही. सांगायला लाज वाटते, पण चार दिवस मी आईशी धड बोलले नाही. माझ्याच मिसेस हडसनसारखी. मग पाच महिने एक अक्षर लिहिलं नाही. रविवारचा ड्रॅबलसुद्धा नाही. मैत्रिणीने विचारलं, जुन्या गोष्टी काढून टाकणार का? कारण आता त्या खोट्या वाटतात.

मी नाही काढल्या. खोट्या नाहीत त्या. आठ वर्षांच्या मुलीला जेवढं दिसत होतं तेवढ्यावर लिहिलेल्या आहेत. आणि दुसऱ्याच्या गोष्टीत आपली गोष्ट लिहिण्याची ही एक सोय आहे. एक चुकली तर पुन्हा लिहिता येते. एकशे आठ वेळा.

मग बेचाळिसावी लिहिली. मिसेस हडसनकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक माणूस येतो, पाकीट देतो, जातो. ती पैसे मोजते, वहीत होम्सच्या नावासमोर लिहिते. घरात एक पोरगी कामाला आहे. ती विचारते, "बाई, ते तर वारले ना?" मिसेस हडसन म्हणते, "वरची खोली झाडलीस का?" पोरगी जिना चढते. प्रत्येक महिन्याला तेच. शेवटी होम्स येतो, आणि मिसेस हडसन किंचाळते, कॅननमध्ये किंचाळते तशीच. एकच बदल, एकच पाचर. पण गोष्ट मी सांगितली त्या पोरीच्या बाजूने, आणि तिला शेवटपर्यंत काही कळत नाही. ती फक्त बघते, की बाई आधी हसली आणि मग किंचाळली.

या गोष्टीत कुणीच चिडत नाही. बेचाळिसातली ही पहिली.

'तू' आणि 'तुम्ही'चं काय, असं माझी मैत्रीण विचारते. मिसेस हडसन होम्सला आधीपासून 'तुम्ही' म्हणायची, या गोष्टीतही म्हणते. पण एका ठिकाणी, एकटी असताना, रिकाम्या खुर्चीकडे बघून ती त्याला 'तू' म्हणते. आई आबांना चारचौघांत 'अहो' म्हणायची. सुरतेहून मामा आले की त्यांना दाराशी हळूच विचारायची, "बरा हाय न्हवं?" हे आत्ता, पन्नाशीला आल्यावर मला आठवलं. लहानपणी मला वाटायचं, ती मामांच्या मुलाबद्दल विचारतेय.

तर ज्या श्रोत्यांनी विचारलं होतं, तुम्ही लिहिता का, तर हो. लिहिते. आणि तुमच्यापैकी कुणी असं चोरून लिहीत असाल, कुणाच्याही पात्रांवर, तर एक करून बघा. सगळं काढा आणि तक्ता करा. किती खून, किती लग्नं, कुणाच्या घरी, दार कोण उघडतं. आपण काय लिहितोय ते लिहिताना कळत नाही. मोजल्यावर जरा कळतं. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. काय निघेल सांगता येत नाही, हेही सांगून ठेवते.

बेचाळिसावी गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती ऐकून म्हणाली, "पैसं घेतलं तर पावती दिली का तिनं? न दिल्याली बरी. कागद कुणाच्या हाती लागला म्हंजी?"

तेवढी दुरुस्ती केली आहे. वहीतली नोंदसुद्धा काढून टाकली. आता मिसेस हडसन सगळं तोंडपाठ ठेवते.

पुढच्या भागात नेहमीप्रमाणे पाहुणे असतील आणि प्रश्न मी विचारीन. तोपर्यंत वाचत राहा, ऐकत राहा. भेटू.